‘टू द बिटर एंड’: नांगराच्या दोराचं शेवटचं टोक

श्रोतेहो, नमस्कार.

‘टू द बिटर एंड’ हे इंग्रजी शब्द मॅचच्या समालोचनात, निवडणुकीच्या बातम्यांत नेहमी कानावर पडतात. ‘शेवट गोड तर सगळं गोड’ ऐकत वाढलेली आपण माणसं, त्यामुळे हा ‘कडू शेवट’ असणार असं धरून चालतो. पण शेवट कसा झाला ते यात सांगायचंच नसतं. कितीही जड जावो, हाती काही लागो न लागो, मधेच सोडलं नाही, एवढंच त्यात आहे.

हर्णै-देवगडच्या तांडेलाला, म्हणजे होडीच्या म्होरक्याला, हे चटकन उमगेल. जहाजावर दोर अडकवायचे जे भक्कम खुंटे, ते इंग्रजीत ‘बिट्स’. नांगराच्या दोराचा जो भाग जहाजातच राहतो, त्याला कप्तान जॉन स्मिथने १६२७ सालच्या आपल्या नौकानयनाच्या पुस्तकात ‘बिटर्स एंड’ म्हटलंय. बायबलमध्येही कडू शेवटाचा उल्लेख सापडतो. वाक्प्रचार नेमका कुठून आला यावर अभ्यासकांचं एकमत नाही. मला खुंट्याची बाजू जास्त पटते.

कारण नांगराचं गणितच तसं आहे. वाव म्हणजे साधारण सहा फूट. ५ वाव पाण्यात २५ ते ३५ वाव दोर सोडावा लागतो. खोली धरताना भरतीचं चढणारं पाणी आणि नाळेची, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाची, पाण्यापासूनची उंची मिळवायची. ओहोटीला मोजून निवांत झोपलं तर मध्यरात्री दोर तोकडा पडतो. लांब दोराची ओढ आडवी बसते, नांगर चिखलात रुतून राहतो. तोकडा दोर लाटेसरशी नांगर वर उपटतो आणि होडी खडकाकडे घसरत जाते. वारा वाढला की आणखी दोर द्यायचा. खुंट्याशी आलात की द्यायला काही उरत नाही. आणि ते टोक बांधलेलंच नसेल, तर दोरासकट नांगर गेला!

वापरताना एक सांभाळा. यात त्रास गृहीत असतो. रात्रभर दशावतार बघून ‘दहीकाल्यापर्यंत, टू द बिटर एंड बसलो’ म्हणालात, तर नाटक कंटाळवाणं झालं असाच अर्थ निघेल. लढणं, विरोध करणं, तग धरणं, अशा क्रियापदांशी तो शोभतो. मराठीत ‘तडीस नेलं’ म्हणू नका, त्यात यश आलं. ‘शेवटपर्यंत कडवी झुंज दिली’ हे बरंच जवळचं.