डाळ भाजताना कान उघडे ठेवा

नमस्कार श्रोतेहो. इडलीबरोबर तामिळ घरांत जी कोरडी, तिखट पूड वाढतात, तिला मोळगापोडी म्हणतात. आज ती घरी करू. रेडिओवरून मला रंग दाखवता येत नाही आणि वासही पोहोचवता येत नाही. पण ही पूड बरीचशी कानानं करायची आहे, त्यामुळे आपलं जमेल.

सामान मोजकं आहे. 1 वाटी उडीद डाळ, अर्धी वाटी हरभरा डाळ, 2 मोठे चमचे तीळ, 15 ते 20 सुक्या मिरच्या, हिंगाचा खडा आणि मीठ. मिरची कुठली? तामिळनाडूत रामनाथपुरमकडची गोल, जाड सालीची मुंडू मिरची वापरतात. 2023 साली तिला भौगोलिक मानांकनही मिळालं. आपल्या बाजारात ती सहसा दिसत नाही. तेव्हा रंगासाठी हावेरीकडची ब्याडगी निम्मी घ्या आणि तिखटपणासाठी गुंटूरची निम्मी. नुसती ब्याडगी घातली तर पूड लालभडक दिसेल, पण जिभेला काही कळणार नाही.

आता भाजणं. खरं काम हेच. जाड बुडाची कढई, मंद आच, आणि प्रत्येक जिन्नस वेगळा. सगळं एकदम टाकलंत तर तीळ करपतील आणि हरभरा डाळ आतून कच्चीच राहील. उडीद डाळ कोरडीच टाका. सुरुवातीला उलथन्याखाली ती जड, दबकी वाजते. ओल निघून गेली की तीच डाळ खुळखुळायला लागते. तो आवाज आला आणि डाळ गुलाबीसर झाली, की लगेच ताटात काढा. कढईत ठेवून नुसता गॅस बंद करू नका, तापलेलं बूड तिला पुढं भाजतच राहतं. हरभरा डाळीला जास्त वेळ लागतो. एक दाणा चावून बघा, कट्कन तुटला पाहिजे. तीळ तडतडले, की झाले. मग चमचाभर तेलात हिंगाचा खडा फुलवा आणि त्याच तेलात मिरच्या परता. मिरच्या कोरड्या भाजल्या तर घरभर ठसका, आणि शेजारीही विचारायला येतात.

सगळं पूर्ण गार होऊ द्या. गरम असताना दळलं तर वाफ धरते आणि पूड टिकत नाही. आधी मिरच्या, हिंग आणि मीठ फिरवा, मग डाळी. तीळ अगदी शेवटी आणि क्षणभरच, नाहीतर त्यांचं तेल सुटून गोळा होतो. पूड रवाळच हवी. पिठासारखी बारीक केली की खाताना दाताखाली काहीच येत नाही, आणि मला तर ती औषधासारखी लागते. काही घरांत गुळाचा छोटा खडा घालतात. मी घालते. लसूण मात्र इथं नको. आंध्रातल्या कारम पोडीत तो शोभतो. तिथलीच तुरीच्या डाळीची कंदी पोडी गरम भात आणि तुपाबरोबर खातात, पण तिच्यावर पुन्हा कधीतरी बोलू.

वाढताना ताटात पुडीची छोटी रास करा, मधे खळगा पाडा आणि त्यात तिळाचं तेल कच्चंच ओता. तामिळ लोक याला नल्लेण्णै म्हणतात. मुंबईत माटुंग्याला सहज मिळतं. शेंगदाण्याचं तेल चालतं, पण ती मजा नाही. मुलांना तिखट लागलं तर तूप घाला.

आणि प्रवासाला निघणार असाल तर गार झालेल्या इडल्यांना दोन्ही बाजूंनी तेलात कालवलेली ही पूड लावून केळीच्या पानात बांधा. दक्षिणेकडच्या गाड्यांत असे डबे जागोजागी उघडतात. नारळाची चटणी दुपारपर्यंत आंबते, ही नाही. फक्त पुडकं घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, कारण तेल झिरपतं आणि मिरचीचा डाग कपड्यावरून लवकर जात नाही.