होडी घेताना कान सोबत न्या

नमस्कार, श्रोतेहो. आज बोलायला येताना मी घरून दोन माठ आणलेत. स्टुडिओच्या दारात सगळे विचारत होते, बाई, हे कशाला? दोन्ही रिकामे आहेत, पावसाळ्यात माठाला कोण विचारतं. तूर्त ते इथं टेबलावर राहू देत. त्यांचं काम पुढे आहे.

विषय आहे, राहण्यासाठी मोठी, वापरलेली शिडाची नौका कशी घ्यावी. आमचे हे मर्चंट नेव्हीत इंजिनिअर होते. निवृत्त झाल्यावर म्हणाले, जन्मभर इंजिनरूम पाहिली, आता समुद्र पाहू. मी म्हटलं, चला. तेव्हापासून दिवाळीनंतर आम्ही दोघं होडीवर राहायला जातो आणि पाऊस यायच्या आत सोलापूरला परततो. जून ते सप्टेंबर आपल्या पश्चिम किनाऱ्यावर अशा होड्या पाण्याबाहेर काढून टेकूंवर ठेवतात.

लोकांना वाटतं, सोलापूरच्या बाईला होडीवर कसं जमणार? अहो, आपल्यालाच जमणार! ज्या गावात नळाला रोज पाणी येत नाही, तिथल्या बाईला चारशे लिटरच्या टाकीत दोन माणसांचे दिवस कसे काढायचे ते शिकवावं लागत नाही. भांडी कशी विसळायची, कुठलं पाणी कशाला वापरायचं, सगळं हातात बसलेलं असतं. एक गोष्ट मात्र मला नव्यानं कळली. घरातला गॅस हवेपेक्षा जड असतो. घरी गळती झाली तर दार उघडलं की तो जमिनीलगत बाहेर जातो. होडीची जमीन समुद्राच्या पातळीखाली, तिथून तो जाणार कुठं? तळाशी साचून राहतो. म्हणून सिलिंडर वेगळ्या कप्प्यात हवा आणि त्या कप्प्याचं भोक थेट बाहेर उघडायला हवं. पुन्हा सांगते, सिलिंडरचा कप्पा आधी बघा, ओटा नंतर.

आणि 'मोठी' या शब्दाला भुलू नका. तीस फुटांवरून चाळीस फुटांवर गेलात तर लांबी एक तृतीयांशच वाढते. पण रुंदी आणि खोलीही त्याच प्रमाणात वाढते, म्हणून होडीचं वजन दुपटीच्याही वर जातं. मग नांगर जड, दोर जाड, शिडं मोठी, बुडाला रंग जास्त. विकणारा एकदाच पैसे घेतो, होडी दरवर्षी मागते.

आता ती गोष्ट सांगते.

मे महिना होता. गोव्यात नदीकाठच्या एका यार्डात चाळीस फुटी नौका टेकूंवर उभी होती. शिडी चढून आत गेले आणि माझा जीवच जडला. सागवानी पॅनेल, पितळी दिवा, निळ्या गाद्या, हात पोचेल तिथं मसाल्याचे कप्पे. मनातल्या मनात मी पडदेसुद्धा लावून टाकले. मालकांनी कोकम सरबत दिलं आणि म्हणाले, कुठं थेंब गळत नाही. यांनी एक वयस्क सर्व्हेअर, म्हणजे होडी तपासून देणारे जाणकार, बोलावले होते. ते काका आत आलेच नाहीत. बाहेर उभं राहून एका लहानशा हातोडीनं होडीचं अंग ठोकत होते. टण, टण, टण. वीतभर सरकायचं, पुन्हा टण. बुडाचा भाग नीट निघाला. मग वर डेकवर आले, माझ्या हातात खडू दिला आणि म्हणाले, थांब म्हटलं की खूण करा.

डोलकाठीपाशी ठोकत होते. टण, टण, टण... बद्द.

ते काही बोलायच्या आत मी खूण केली होती. काकांनी वळून बघितलं. 'तुम्हाला कसं कळलं?' म्हटलं, सासूबाईंमुळे. लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात त्या मला मंगळवार पेठेत माठ घ्यायला घेऊन गेल्या होत्या. वीस माठांना टिचक्या मारल्या आणि एकविसावा घेतला. ऐका, हा चांगला माठ. (टिचकी) आणि हा तडा गेलेला. (टिचकी) तडा डोळ्यांना दिसत नाही, पण बोटाला आणि कानाला कळतो.

काकांनी पुढे ठोकलं, मी खडू फिरवत गेले. शेवटी चटईएवढा आकार झाला. अशा होडीचा डेक म्हणजे फायबरचे दोन थर आणि मध्ये बाल्सासारखं हलकं लाकूड. कुणीतरी कधीतरी एक कडी बसवायला स्क्रू मारले होते, त्याभोवतीचा पाणी अडवणारा मसाला सुकला, आणि दर पावसाळ्यात पाणी मुरत गेलं. वरून चकचकीत, आत भुसा. मग काका खाली उतरले, जमिनीची फळी उचलली. तळाला ओंजळभर पाणी होतं. त्यांनी बोट बुडवलं आणि जिभेला लावलं. 'गोड आहे,' म्हणाले. खारट असतं तर समुद्र आत येतोय. गोड, म्हणजे टाकी गळतेय नाही तर वरून पाऊस येतोय. टाकी तपासली, ती धड होती. खडूच्या खुणेचं उत्तर मिळालं.

दुरुस्तीचा अंदाज ऐकून मालक किंमत कमी करायला तयार होईनात, म्हणून आम्ही निघालो. परतीच्या गाडीत मला रडू आवरेना.

आठ महिन्यांनी आमची आत्ताची छत्तीस फुटी मिळाली. आतून काही देखणी नाही, पण दोन तास ठोकली आणि सगळीकडे टण.

बाकीचं भराभर सांगते. इंजिनाला आधी हात लावून बघा, ते गार असलं पाहिजे. गरम असेल तर तुम्ही यायच्या आधी कुणीतरी चालवून ठेवलंय, आणि गार इंजिन सुरू होताना किती कुरकुरतं ते तुम्हाला कळणार नाही. डोलकाठीच्या तारा साधारण 10 ते 15 वर्षांत बदलाव्या लागतात, बदलल्याची पावती मागा. परदेशातून आलेली नौका असेल तर सीमाशुल्क भरल्याचा कागद हवाच. आणि हातात असतील तेवढे सगळे पैसे खरेदीत घालू नका.

जाता जाता मनातलं एक बोलते. दिलीप दोंदे यांनी 2009-10 मध्ये शिडाच्या नौकेतून एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा केली. ती 'म्हादेई' गोव्यात दिवाडी बेटावर बांधलेली. असा आपला मराठी माणूस, आणि आपल्या जिल्ह्यात उजनीएवढं पाणी पसरलेलं असताना आपल्या मुलांना शीड धरायला कुणी शिकवत नाही. मला याचं फार वाईट वाटतं. दहा लहान होड्या घेतल्या तरी सुरुवात होईल.

वेळ होत आली. माठांची जागा आता बदलते. डोळे मिटा आणि ऐका. (टिचकी) (टिचकी) बरोबर, या वेळी पहिला. नमस्कार.