ढोली

टक्... टक्... टकटकटक.

खोडाला बिलगून बसलाय तो सुतार पक्षी. ठोके देत देत तो आतली अळी हुडकतो. भोक पाडलं की लांब, चिकट जीभ आत सारतो. या जिभेचा आधार असलेली हाडं कवटीच्या मागून वळसा घालून पुढे येतात, इतकी ती लांब!

विणीच्या हंगामात हाच सुतार घर कोरतो. झाड बहुधा असं निवडतो, की बुरशीनं गाभा आधीच मऊ केलाय. पिल्लं उडून गेली की घर रिकामं. पुढच्या वेळी बरेचसे सुतार नवीन घर कोरायला घेतात आणि जुन्यासाठी झुंबड उडते. पोपट डोकावतात, साळुंक्या भांडतात, पिंगळा शिरतो, खारही शिरते. साळुंकीची काय किंवा पिंगळ्याची काय, चोच लाकूड कोरण्याच्या कामाची नाही. सुतारानं सोडलेलं घर नाहीतर मोडक्या फांदीची खोबण, एवढंच त्यांच्या हाती. म्हणून वाळकं, किडकं म्हणून एखादं झाड तोडलं जातं, तेव्हा जीव कळवळतो.

धनेशाला तर फार मोठी ढोली लागते. फांदी मोडते, जखम कुजत जाते, पोकळी वाढत राहते. यात कित्येक वर्षं जातात, म्हणून अशी ढोली जुन्या, थोराड झाडांतच सापडते. मादी आत शिरते आणि विष्ठा, फळांचा गर, माती यांनी दार लिंपून घेते. उरते फक्त एक फट. अंडी उबवताना आत तिची पिसंही गळतात. मोठ्या जातींमध्ये हा मुक्काम तीन-चार महिने चालतो आणि तेवढे दिवस तिचं पोट नराच्या फेऱ्यांवर चालतं.

नर उंबर-वडाची फळं गळ्यात साठवून आणतो, एकेक करून फटीतून देतो. घरट्याखाली बियांचा खच पडतो, पण तिथल्या दाटीत थोडीच रोपं तगतात. जंगल पेरलं जातं ते त्याच्या भटकंतीत, वाटेत दूरवर पडलेल्या बियांतून. मोठ्या बियांची फळं तर लहान पक्ष्यांच्या गळ्याखाली उतरतच नाहीत.

आता लिंपण फुटलंय. पिल्लू कडेवर येऊन पंख झटकतंय... उडालं.

ढोली पुन्हा मोकळी. पुढच्या हंगामात बहुधा हीच जोडी इथं परतेल, झाड उभं असलं तर.