काटा मोडतो पायात, खबर लागते रक्ताला

नमस्कार श्रोतेहो. धुऱ्यावरून येताना बाभळीचा काटा पायात मोडला, की संध्याकाळपर्यंत पाय ठणकतो, लाल होतो, सुजतो. दोन-तीन दिवसांत पू धरतो. पू म्हणजे बहुतेक मेलेल्या पांढऱ्या पेशी. पण रक्त तर नसांमधून सारखं धावतं. नेमकं काट्यापाशीच उतरायचं, हे या पेशींना कळतं कसं?

कळवते ती रक्तवाहिनीची आतली भिंत. काटा रुतला की तिथल्या पेशी आधीच साठवून ठेवलेलं पी-सिलेक्टिन नावाचं प्रथिन काही मिनिटांत वर आणतात. काही तासांनी ई-सिलेक्टिन येतं, आयकॅम-१ वाढतं. हे सगळे पेशींना चिकटवणारे रेणू. पुरात सापडलेला माणूस काठचं एक झुडूप धरतो, ते सुटतं, दुसरं धरतो, तशी पांढरी पेशी सिलेक्टिनला धरत-सुटत मंदावते. मग तिच्या अंगावरचं इंटिग्रिन आयकॅमला पक्कं धरतं आणि ती भिंतीतून वाट काढून बाहेर पडते.

एका दुर्मिळ आजारात बाळाचं हे इंटिग्रिन जन्मतःच सदोष असतं. रक्तात पांढऱ्या पेशी भरपूर, पण जखमेत पू धरत नाही. नाळही महिना उलटला तरी गळत नाही. एवढा उशीर झाला तर अंगारा लावत बसू नका, डॉक्टरांना दाखवा.

हाच चिकटपणा जास्त झाला तर घात करतो. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदियाकडच्या श्रोत्यांना सिकलसेल, म्हणजे लाल पेशी वाकड्या होण्याचा रक्ताचा आजार, सांगायला नको. आपण वाकड्या लाल पेशींबद्दलच बोलतो, पण त्या नुसत्या अडकत नाहीत, सिलेक्टिनमुळे भिंतीला आणि पांढऱ्या पेशींना चिकटतात. रक्त अडतं, हाडं फुटल्यागत दुखतात. पी-सिलेक्टिनलाच अडवणाऱ्या क्रिझानलिझुमॅब या औषधाला २०१९ मध्ये अमेरिकेत मंजुरी मिळाली. पुढच्या चाचणीत फायदा दिसला नाही, म्हणून २०२३ मध्ये युरोपने परवानगी काढून घेतली. आपली जुनी हायड्रॉक्सीयुरियाची गोळी मात्र हा चिकटपणाही कमी करते. दुखणं थांबलं म्हणून ती मनाने बंद करू नका, आणि गरोदरपणाचा विचार असेल तर आधी डॉक्टरांशी बोला.

सिकलसेल असेल तर उन्हात कापूस वेचताना पाणी पीत राहा, थंडीत अंग उबदार ठेवा. ताप आला, छातीत दुखून दम लागला, तर दुखण्याची गोळी घेऊन घरी पडून राहू नका. त्याच वेळी दवाखाना गाठा.