बाय रिसर्च

श्रोतेहो, नमस्कार.

आज रसायनशास्त्रातल्या एम.एस्सी.बद्दल बोलायचंय. पण वर्गात बसून, पेपर देऊन करायच्या एम.एस्सी.बद्दल नव्हे. आमच्या वेळी या पदवीचे दोन रस्ते होते, आणि आम्ही त्यांना ‘बाय पेपर्स’ आणि ‘बाय रिसर्च’ म्हणायचो. बाय पेपर्सवाले लेक्चरं ऐकायचे, परीक्षा द्यायचे आणि सुटायचे. बाय रिसर्चवाल्याच्या वाट्याला एक गाइड, एक टेबल आणि एक विषय. शेवटी थिसिस आणि तोंडी परीक्षा. पुन्हा सांगते, एक गाइड, एक टेबल, एक विषय. बाकी सगळं तुमचं तुम्ही.

या वाटेनं गेलेलं आपल्याकडचं मोठं नाव म्हणजे जीवरसायनशास्त्रज्ञ कमला सोहोनी, तेव्हाच्या कमला भागवत. १९३३ साली मुंबईत बी.एस्सी. झाल्यावर त्यांनी बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सकडे अर्ज केला. तिथले तेव्हाचे संचालक सी. व्ही. रामन यांनी तो नाकारला, कारण अर्ज मुलीचा होता. कमलाबाई हटून बसल्या आणि शेवटी अटी घालून का होईना, प्रवेश मिळाला. तिथे श्रीनिवासय्यांच्या हाताखाली त्यांनी दूध आणि डाळींमधल्या प्रथिनांवर काम केलं, आणि त्यावरच १९३६ मध्ये मुंबई विद्यापीठाची एम.एस्सी. मिळवली. नोबेल मिळालेल्या माणसाच्या अशा वागण्यावर आपण फार लवकर पांघरूण घालतो, असं माझं मत आहे. असो. विषय तो नाही.

विषय आहे माझं तेल.

मला चाल्कोन नावाच्या वर्गातलं एक संयुग बनवायचं होतं. कृती वाचायला सोपी. एक आल्डिहाइड, एक कीटोन, दोन्ही अल्कोहोलमध्ये विरघळवायचे, त्यात कॉस्टिक सोडा घालायचा आणि रात्रभर ढवळत ठेवायचं. सकाळी छान पिवळा साका खाली बसलेला दिसायला हवा. माझ्या फ्लास्कमध्ये मात्र रोज तपकिरी, चिकट तेल. जुलै गेला, ऑगस्ट गेला, गणपती आले नि गेले, तेल ते तेलच. काचेच्या कांडीनं फ्लास्क आतून खरवडला, बर्फात ठेवला, गाळून पाहिलं, धुऊन पाहिलं. टीएलसीच्या, म्हणजे मिश्रणातले पदार्थ वेगवेगळे करून दाखवणाऱ्या पट्टीवरसुद्धा डाग सुटा न पडता नुसता लांबत जायचा.

आमच्या लॅबमध्ये एक मामा होते. प्रत्येक लॅबमध्ये एक मामा असतातच. त्यांनी महिनाभर माझी धडपड पाहिली आणि एक दिवस म्हणाले, “ताई, तूप कढवल्यावर घरी काय करता? सारखं ढवळता का?” मी म्हटलं, नाही. “मग याला कशाला त्रास देता? ठेवा गुपचूप.” रवाळ तुपाचं शास्त्र तुम्हाला मी काय सांगणार! सावकाश निवू द्यायचं, हात लावायचा नाही. दिवाळीला मी गावी निघाले तेव्हा तो फ्लास्क कापसाचा बोळा लावून मामांच्या स्वाधीन केला. त्यांनी तो फडताळाच्या अगदी आतल्या कोपऱ्यात ठेवला.

भाऊबीज उरकून परत आले, तर फ्लास्कमध्ये सुया! लांब, चकचकीत, एकमेकींना टेकलेल्या सुया. मी अक्षरशः ओरडले. शेजारच्या लॅबमधली मुलं धावत आली. मामांनी सायकल काढली आणि पेढे आणले, तेही स्वतःच्या पैशांनी. (पेढा साताऱ्याचाच, कंदी. हल्ली केशर-पिस्ता घातलेलं जे काही विकतात त्याला मी पेढा म्हणत नाही.) सगळ्यांनी खाल्ले. सर आले, त्यांनीही एक उचलला, फ्लास्क उजेडात धरला आणि म्हणाले, “फिका आहे गं. मेल्टिंग पॉइंट घेतलास?”

नव्हता घेतला. पेढे आधी खाल्ले होते.

बारीक केशनळीत चिमूटभर स्फटिक भरले, ती थर्मामीटरला दोऱ्यानं बांधली आणि पॅराफिनमध्ये सोडून खालून बर्नर लावला. माझं चाल्कोन वितळायला हवं होतं शंभराच्या बरंच वर. पारा पंच्याहत्तरला पोचायच्या आतच नळीत सगळं पाणी. मागे उभी असलेली मंडळी एकेक करत निघून गेली.

सरांनी फक्त एवढंच सांगितलं, की तुझ्या बाटलीतलं आल्डिहाइड घे, यात मिसळ आणि पुन्हा वितळव. ही जुनी युक्ती. दोन वेगळे पदार्थ मिसळले की मिश्रण सहसा आधीच आणि अघळपघळ वितळतं. एकच पदार्थ असेल तर आकडा हलत नाही. माझा आकडा हलला नाही. म्हणजे चार महिने खपून, दिवाळीभर राखण करून मी जे बनवलं होतं, ते मी बाटलीतून ओतलेलंच आल्डिहाइड होतं. जसं घातलं तसं परत आलं होतं. ऐकताय ना? जसं घातलं तसं परत.

आता खरी गंमत. आल्डिहाइड तसंच राहिलं, म्हणजे अभिक्रिया नीट झालीच नव्हती. का? मामांनीच कॉस्टिक सोड्याची बाटली पुढे केली. पावसाळ्यात घरातलं मीठ कसं पाझरतं, तसे आतले दाणे एकमेकांना चिकटून त्यांचा गोळा झाला होता. कॉस्टिक सोडा हवेतलं पाणी तर ओढतोच, पण कार्बन डायऑक्साइडही ओढतो, आणि हळूहळू त्याचा धुण्याचा सोडा होऊन बसतो. त्या गोळ्याचा तुकडा पाण्यात विरघळवून वर सौम्य ॲसिडचे थेंब टाकले, तर फसफसलं. चांगला कॉस्टिक सोडा फसफसत नाही. धुण्याच्या सोड्याच्या जिवावर माझी अभिक्रिया काय पुढे सरकणार!

नवी बाटली फोडली. दुसऱ्या दिवशी सकाळी फ्लास्कच्या तळाशी पिवळाधमक साका. त्या वेळी पेढे कुणी आणले नाहीत.

मी विचारलं, “सर, ते चार महिने थिसिसमध्ये घालायचे?” सर म्हणाले, “मग काय पुरायचे? एक पान लिही.” मी लिहिलं.

आता हा रस्ता कुणाला घ्यायचा असेल तर थोडक्यात. नव्या शैक्षणिक धोरणात, म्हणजे २०२० च्या, तीन वर्षांच्या पदवीनंतर दोन वर्षांचं एम.एस्सी. करताना दुसरं वर्ष पूर्ण संशोधनाला देण्याची सोय सांगितली आहे. पुण्याच्या आयसर या विज्ञानसंस्थेत बीएस-एमएस या जोडपदवीच्या पाचव्या वर्षी मुलं प्रबंधाचं कामच करतात. आपल्या विद्यापीठात काय आहे ते चौकशी करून पाहा. आणि गाइड निवडताना त्याचं नाव किती मोठं ते नंतर बघा. आधी त्याच्या विद्यार्थ्यांना गाठून विचारा, सर लॅबमध्ये येतात का? पुन्हा सांगते, लॅबमध्ये येतात का?

वेळ संपत आलीय. माझ्या तोंडी परीक्षेचं तेवढं सांगते. बाहेरगावचे परीक्षक, समोर माझा जाडजूड थिसिस. त्यांनी तो उघडला तो नेमका त्याच पानावर. चष्म्यावरून माझ्याकडे बघत त्यांनी पहिला प्रश्न विचारला, “बाटलीचं झाकण उघडं कुणी ठेवलं होतं?”

म्हटलं, “मीच, सर.”

नमस्कार.