निळ्या दिव्यातला नायट्रोजन

श्रोतेहो, नमस्कार.

घरात एलईडीची टॉर्च असेल तर ती बंद असताना तिच्या काचेतून आत निरखून पाहा. मधोमध पिवळा ठिपका दिसेल. उजेड पांढरा आणि ठिपका पिवळा, हे कसं? तो पिवळा रंग म्हणजे नुसता लेप आहे. त्याच्याखाली एक बारीकशी चिप असते आणि ती देते निळा उजेड. त्यातला काही भाग लेप शोषून घेतो आणि पिवळा करून सोडतो. निळा नि पिवळा मिसळले की आपल्या डोळ्यांना पांढरं दिसतं. ही निळी चिप ज्याची बनते, त्या गॅलियम नायट्राइडबद्दल आज बोलायचं आहे.

यातला गॅलियम हा मऊ स्वभावाचा धातू. २९.८ अंश सेल्सिअसला वितळतो. तळहातावर ठेवला तर थोड्या वेळात त्याचा चकचकीत थेंब होतो. विदर्भातल्या मे महिन्यात तर तो कपाटातच वितळेल. नायट्रोजन मात्र हट्टी. हवेत तो ७८ टक्के आहे, पण त्याचे दोन अणू एकमेकांना तिहेरी बंधाने असे धरून बसलेले असतात की गॅलियमकडे ढुंकूनही पाहत नाहीत. म्हणून नायट्रोजन आणायचा तो अमोनियातून. १९३२ साली अमेरिकेत जॉन्सन, पार्सन्स आणि क्रू यांनी तापलेल्या गॅलियमवरून अमोनिया वायू सोडला. गॅलियम नायट्राइड तयार झालं आणि हायड्रोजन सुटला. हाती आली ती भुकटी.

भुकटीच्या प्रत्येक कणात मात्र विलक्षण शिस्त असते. प्रत्येक गॅलियमभोवती चार नायट्रोजन, चतुष्फलकाच्या, म्हणजे चार त्रिकोणी बाजूंच्या आकाराच्या, चार कोपऱ्यांवर. प्रत्येक नायट्रोजनभोवती तसेच चार गॅलियम. अशा थरांवर थर चढून षटकोनी घडणीचा स्फटिक होतो. वुर्ट्झाइट नावाच्या जस्ताच्या खनिजात हीच मांडणी आहे. बंध आखूड आणि घट्ट, म्हणून पदार्थ कणखर. इलेक्ट्रॉनला वरच्या ऊर्जेच्या पट्ट्यात उडी मारायला ३.४ इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जा लागते, आणि तो खाली परतला की तितकीच ऊर्जा प्रकाश होऊन बाहेर पडते, म्हणजे जांभळ्याच्याही पलीकडचा प्रकाश. त्यात इंडियम हा गॅलियमचाच भाऊबंद धातू थोडा मिसळला की ही उडी लहान होते आणि निळा रंग मिळतो.

दिवा करायचा तर मोठा, सलग स्फटिक हवा. सिलिकॉनसारखं वितळवून हळूहळू थंड का करत नाहीत? कारण तापवलं की वितळण्याआधीच नायट्रोजन निसटतो आणि मागे गॅलियमचे थेंब उरतात. त्याला धरून ठेवून वितळवायचं तर २,२०० अंशांच्या वर तापमान आणि हवेच्या दाबाच्या सुमारे साठ हजारपट दाब लागतो. तेव्हा एकच वाट उरते: वायूंतून अणूंचे थर चढवायचे. ट्रायमिथाइल गॅलियम या गॅलियमच्या संयुगाची वाफ आणि अमोनिया हजारेक अंशांना तापलेल्या नीलमाच्या चकतीवर सोडायचे. पण नीलमाच्या आणि याच्या अणूंमधल्या अंतरात सुमारे १६ टक्क्यांचा फरक. थर खडबडीत यायचा, तडे जायचे.

जपानमध्ये नागोया विद्यापीठात इसामू आकासाकी आणि त्यांचा विद्यार्थी हिरोशी आमानो याच्याशी झगडत होते. १९८५ मध्ये एके दिवशी आमानोंची भट्टी नेहमीइतकी तापेना. त्यांनी त्या कमी तापमानालाच ॲल्युमिनियम नायट्राइडचा पातळ थर चढवला आणि पुढे त्यावर गॅलियम नायट्राइड वाढवलं. बाहेर काढलेली चकती काचेसारखी स्वच्छ, गुळगुळीत होती. मला या साऱ्या इतिहासातला हाच क्षण सर्वांत प्रिय आहे. भट्टी नीट चालली नाही म्हणून तो दिवस त्यांनी सोडून दिला नाही.

दुसरी अडचण होती हायड्रोजनची. दिव्याला एका बाजूला इलेक्ट्रॉनची उणीव असलेला थर लागतो. त्यासाठी गॅलियमच्या जागी थोडं मॅग्नेशियम घालतात. पण मॅग्नेशियम घालूनही थर वीज वाहून नेईना. १९८९ मध्ये आकासाकी-आमानोंनी त्यावर इलेक्ट्रॉनचा झोत फिरवला आणि थर जागा झाला. त्यामागचं कारण अनान शहरातल्या निचिया कंपनीतल्या शुजी नाकामुरांनी १९९२ मध्ये उलगडलं. ज्या अमोनियाने नायट्रोजन आणला, त्याचाच हायड्रोजन मॅग्नेशियमला चिकटून बसत होता. थर नायट्रोजन वायूत ७०० अंशांच्या वर तापवला की हायड्रोजन निघून जातो, झोताची गरजच उरत नाही. १९९३ मध्ये त्यांचा लख्ख निळा दिवा आला आणि २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल या तिघांना मिळालं.

इतकं करूनही नीलमावरच्या या थरात एका चौरस सेंटिमीटरमागे सहज दहा कोटी दोष, म्हणजे अणूंची रांग विस्कटलेल्या जागा, असतात. गॅलियम आर्सेनाइड या दुसऱ्या अर्धवाहकाचा दिवा इतक्या दोषांनी निपचित पडला असता. हा मात्र उजळतो. थरात विखुरलेलं इंडियम इलेक्ट्रॉनना दोषांपर्यंत पोहोचण्याआधीच अडवून धरतं, असं बरेच अभ्यासक मानतात. पण त्यावरचा वाद अजून मिटलेला नाही.

नमस्कार.