सर्कशीची कादंबरी वाचताना

नमस्कार, श्रोते हो.

सर्कशीवरची ऐतिहासिक कादंबरी हाती आली की आपली नजर आधी वाघ-सिंहांकडे आणि झुल्यावरच्या पोरींकडे जाते. जाऊ द्या, मजा तिथं आहेच. पण लेखकाचा कस लागतो तो तंबू उभा राहताना, आणि तो कस आपण सांगलीकरांनी तर लावायलाच हवा. अंकलखोपच्या विष्णुपंत छत्र्यांनी १८८० साली आपली सर्कस उभी केली. पुढं म्हैसाळच्या देवलांची आणि तासगावच्या परशुराम माळींची सर्कस गावोगाव फिरली. हा धंदा आपल्याच मातीतला आहे.

दोराचंच बघा. जुन्या तंबूचं कापड सुती, दोर तागा-अंबाडीचे. असा दोर भिजला की फुगतो आणि आखूड होतो. वळवाची सर आली की चारी बाजूंचे ताण एकदम आवळतात, मग एक तर मेखा उपटतात नाहीतर कापड शिवणीवर फाटतं. म्हणून आभाळ भरून आलं की तंबूवाले आधी धावतात ते दोर सैल करायला. ऊन पडून दोर वाळले की पुन्हा ताणायचे. कृष्णाकाठच्या काळ्या रानात आणखी एक पंचाईत असते : भिजलेली माती मेख धरूनच ठेवत नाही. मुरमाड माळ मिळाला तर नशीब. कादंबरीत पावसाची रात्र आहे आणि कुणीच दोराला हात लावत नाही, असं दिसलं तर समजा, लेखकानं सर्कस फक्त प्रेक्षकांत बसून पाहिली आहे.

रिंगण मात्र जगभर बहुतेक एकाच मापाचं, ४२ फूट व्यासाचं. हे माप लंडनच्या फिलिप ॲस्टलेच्या घोड्यांच्या खेळांपासून रुळलं. गोलात दौडणारा घोडा आत कलतो, पाठीवर उभा असलेला स्वारही आत कलतो, आणि त्या फिरण्याच्या जोरावरच तोल राहतो. गोल फार लहान झाला तर घोड्याला दौडता येत नाही, फार मोठा झाला तर स्वाराला तो आधार मिळत नाही. पाठीवर राळेची पूड चोळलेली असते, पाय घसरू नये म्हणून. घोड्याची चाल मोडली की स्वार खाली आलाच, त्यामुळे इथं चपळ घोड्यापेक्षा एकसारख्या चालीचा घोडा लाखमोलाचा. छत्रे मुळात घोडे शिकवण्यात पटाईत होते, हे इथं आठवावं.

झुल्यावर टाळ्या मिळतात उडणारीला, पण जीव असतो झेलणाऱ्याच्या मनगटांवर. खाली जाळीत पडायचं तेसुद्धा शिकावं लागतं. पाठीवर पडायचं. पायांवर पडलं तर घोटा-गुडघा जातो, वर जाळी उसळवून बाहेर फेकते ते वेगळंच.

काळाची चूक पकडायची असेल तर दिवे तपासा. १८८५ च्या खेळात पेट्रोमॅक्स फुसफुसत असेल तर चूक, ती बत्ती विसाव्या शतकातली. कार्बाइडचे दिवेही १८९० नंतरचे. त्याआधी मशाली आणि रॉकेलचे दिवे, म्हणजे वर सुती कापड आणि खाली उघडी ज्योत. रेल्वेचंही तसंच. त्या काळी मुंबई-पुणे रूळ रुंद म्हणजे ब्रॉडगेज आणि पुणे-मिरज अरुंद म्हणजे मीटरगेज होते, म्हणून मिरजेला येणाऱ्या सर्कशीला पुण्यात हत्ती, पिंजरे, खांब सगळं उतरवून दुसऱ्या गाडीत चढवावं लागे. चांगल्या लेखकाला यात अख्खं प्रकरण सापडेल.

वाघ, सिंह, बिबटे, अस्वलं, माकडं यांच्या खेळांवरची बंदी सर्वोच्च न्यायालयानं २००१ साली कायम केली, आणि २०११ साली सर्कशीत लहान मुलांना कामाला ठेवण्यावर बंदी घालायला सांगितलं. जुन्या काळच्या कादंबरीत मात्र पिंजरेही असणार आणि तारेवर चालणारी मुलंही. ती गाळली तर काळच गाळला. त्या मुलांना सरावाला किती वाजता उठवतात, शिकवताना मार कोण देतं आणि त्यांचा पगार कुणाच्या हातात पडतो, एवढं पानापानांत शोधत वाचा.